दोन हत्तींच्या मापाचा माणूस

वाचकहो, एक सांगा, तुमच्या गावात हत्ती किती आहेत? लाजू नका. आमच्या कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात एकही नाही. एखाद्या देवळाच्या भिंतीवर गेरूने काढलेला असेल तेवढाच, आणि तोही दर पावसाळ्यात सोंडेकडून विरघळत जातो. तरीसुद्धा कडावच्या ओढ्यावर असा एक पूल आहे की त्यावरून ओझ्याने लादलेले दोन हत्ती, एक जाणारा आणि एक येणारा, एकमेकांना धक्का न लावता खुशाल निघून जातील. पुलाच्या अलीकडे भातखाचराचा बांध आहे, जेमतेम एक पाऊल मावेल एवढा, पलीकडेही तसाच. म्हणजे हत्तीला पुलावर यायचे तर आभाळातून उतरावे लागेल आणि पूल ओलांडला की पुन्हा आभाळात चढावे लागेल. हा पूल बांधणारे गृहस्थ माझ्या आत्याचे यजमान. आम्ही भाचरे त्यांना मामा म्हणत असू आणि गाव त्यांना मुकादम म्हणे. लढाईवर जाऊन एकही शत्रू न पाहता परत आलेला, आणि तरीही जन्मभर ती लढाई घरीदारी चालू ठेवणारा असा दुसरा माणूस अख्ख्या कोकणात झाला नसेल. पैज लावणे हा जुगार आहे असे माझे ठाम मत नसते, तर मी यावर पैज लावली असती.

मामांची जवानी बोरघाटात गेली. तिथे आगगाडीसाठी डोंगर फोडणे चालले होते आणि आमच्याकडचा हातापायाने धड असा जो तो टिकाव नाहीतर घमेले घेऊन तिकडे राबत होता. मामा तिथे दोन विद्या शिकले. एक सुरुंगाची भोके पाडण्याची आणि दुसरी माणसांवर ओरडण्याची. या दुसऱ्या विद्येच्या जोरावर ते मुकादम झाले. घाट पुरा होऊन फार दिवस झाले नव्हते, तोच समुद्रापलीकडच्या, आफ्रिकेतल्या हबसाणच्या राजाशी इंग्रज सरकारचे बिनसले. फौज धाडायची होती, पण त्या मुलखात तोफा न्यायला रस्ताच नव्हता. तेव्हा शिपायांच्याही आधी रस्ता करणारी माणसे पाहिजे होती. भरतीवाले घाटात राबलेले हात शोधत कर्जतला आले आणि मामा आपली टोळी घेऊन मुंबईच्या धक्क्यावर आगबोटीत चढले. त्याच बोटीच्या पोटात तोफा ओढायचे हत्ती होते. मामा सांगत की समुद्र खवळला म्हणजे वर माणसे कण्हत आणि खाली हत्ती कण्हत, आणि कोणाचा आवाज कोणता ते ओळखू येत नसे.

उतरले त्या किनाऱ्यावर वाळू, ऊन आणि खारे पाणी यांखेरीज काही नव्हते. प्यायचे पाणी आगबोटीवरच्या यंत्रात तयार होई. समुद्राचे पाणी उकळायचे, त्याची वाफ धरायची आणि ती निववून गोडे पाणी पिंपात सोडायचे. टोळीत मराठे, आगरी, महार, बेलदार, सगळ्या जातींची माणसे होती. आपापल्या गावात ही माणसे एकमेकांच्या विहिरीकडे पाहतसुद्धा नव्हती. पिंप समोर आले तेव्हा काहीजण लांब उभे राहिले आणि पाणी कोणाच्या हातचे अशी चौकशी करू लागले. गोरा खलाशी म्हणाला, यंत्राच्या हातचे. मग यंत्राची जात कोणती यावर वाद सुरू झाला. मी मामांना विचारले, वाद मिटला कसा? ते म्हणाले, “सकाळच्याला समदे इचारत व्हते. दुपारी ऊन चढलं, मंग कोनी इचारलं नाय.” जातिभेदावर मी पेटीभर चोपड्या वाचल्या आहेत, आणि त्यातली एकही इतक्या लवकर मुद्द्यावर येत नाही.

मी त्यांच्यामागे फार लागत असे. तरुण माणसाने आपल्या लोकांचे हाल लिहून काढले पाहिजेत असे माझे मत होते आणि अजूनही आहे. परक्या सरकारचे भांडण, परक्या राजाचा मुलूख, आणि डोंगर फोडायला मात्र कडावचे आणि दहिवलीचे हात, हा कुठला न्याय? मामांकडून एखादे जळजळीत वाक्य मिळेल म्हणून मी कागद पुढे ओढून बसे. मामा विडी पेटवून, विचार करून सांगत की तिथला दगड आपल्या काळ्या दगडापेक्षा ठिसूळ होता. मी विचारी, राजा कसा होता? ते सांगत, राजा वर डोंगरावर होता आणि आमचे काम खाली होते. राजाची बाजू न्यायाची होती का? “आमी वाट केली, रं. भांडान कोनाचं, ते वर गेल्यावर ठरलं आसंल.” अखेर लढाई झाली तरी का, असे मी चिडून विचारले तर म्हणाले, झाली म्हणे; वरून येणारी खेचरे मोकळी येऊ लागली तेव्हा आम्हाला कळले.

पण एका गोष्टीवर ते तासन्‌तास बोलत. ती गोष्ट म्हणजे दोन हत्तींची गाठ. खिंडीतल्या एका कड्याला मामांच्या टोळीने वाट कोरली होती. रुंदी एका लादलेल्या हत्तीपुरती, कारण फौजेला वर जायचे होते आणि वर जाणारा हत्ती एका वेळी एकच जाणार, असा साधा हिशेब मामांनी केला. वर ओझे उतरवलेला हत्ती खालीही येतो, हे ना साहेबाला सुचले ना मामांना. एका सकाळी वळणावर दोघे समोरासमोर आले. हत्तीला कड्यावर मागे सरता येत नाही, आणि येत असले तरी सरायची त्याची इच्छा नसते. वरच्या हत्तीमागे जखमी आणि आजारी माणसांच्या डोल्या, खालच्यामागे तोफा, खेचरे, पलटण आणि कुठल्याशा मोठ्या साहेबाची बिछान्याची पेटी. दोन्ही माहूत एकमेकांच्या घराण्यांचा उद्धार करीत होते. वरचा हत्ती समोरच्याच्या पाठीवरचे गवत निवांत खाऊ लागला. शेवटी मामांची माणसे दोर बांधून कड्याखाली लोंबकळली आणि हत्तींच्या पायांखालून दगड रचत वाट रुंद करू लागली. दिवस मावळेतो ते काम चालले.

“लढाई वर थांबली व्हती,” मामा म्हणत. “राजा वाट बघत बसला आसंल, का ही मान्सं येतात का नाय.”

इथपर्यंत सगळे हसत. पुढचे मामा हसत हसत कधी सांगत नसत. साहेब घोड्यावरून उतरला आणि त्याने एवढेच विचारले, की मुकादम, येणाऱ्याचा विचार का केला नाही? त्याने शिवी दिली असती तर मामा ती विसरले असते. प्रश्न मात्र त्यांच्या डोक्यात जाऊन बसला. “जानाऱ्याची वाट कोनबी करतो, रं,” ते मला म्हणत. “येनाऱ्याचा इचार करील त्यो मुकादम.”

त्यानंतर मामांनी जगातली प्रत्येक वस्तू दोन लादलेल्या हत्तींच्या मापाने मोजली. आत्या सांगे, “लढाईवरनं आले म्हनून मी आरती घ्येऊन दारात हुबी. तर म्हनतात कसे, आधी दार रुंद करा.” आणि दार रुंद झाले. इतके रुंद की घराला पुढची भिंत अशी नावालाच उरली, आणि थंडीत कर्जतचे सगळे वारे आत्याच्या चुलीवर येऊन बसत. गोठ्याचे दारही तसेच. त्यातून बाहेर पडताना बैल उगाच इकडेतिकडे बघे, आपल्याबरोबर आणखी कोणी येणार आहे की काय म्हणून. शेजारीण विचारायला आली तर आत्या थंडपणे म्हणे, “हत्तींची समदी सोय झालीय बघ. आता निसते हत्ती यायचे राह्यलेत.”

त्यांची दुसरी खोड म्हणजे बांधलेले काहीही ते मोडू देत नसत. शेतातला राखणीचा माळा कापणीनंतर सगळे उतरवतात. मामांचा माळा बारमाही उभा असे आणि त्यावर बसून कावळे मामांच्याच भाताची पाहणी करीत. थोरल्या मुलीच्या लग्नात त्यांनी स्वतः मांडव घातला आणि तो उतरवू दिला नाही. रीतीप्रमाणे मांडव परतला पाहिजे. भटजी येऊन बजावून गेले, विहीणबाईंनी निरोपावर निरोप धाडले, की मांडव उभा आहे तोवर लग्न पुरे झाले असे म्हणता येत नाही. मामा म्हणाले, चालू दे मग. मुलीची मुले त्या मांडवाखाली खेळू लागली, खांबांवर पडवळाचे वेल चढले, तरी शास्त्राप्रमाणे तिचे लग्न चालूच होते. भटजींची फजिती झाली याचा मला त्या वेळी फार आनंद झाला होता, आणि मी मामांना सुधारक समजून त्यांच्यावर एक लेखही लिहायला घेतला होता. आत्याने मला बाजूला घेऊन खरे कारण सांगितले, तेव्हा तो लेख मी ठेवून दिला.

कारण असे होते. लढाई संपली, फौज खाली आली आणि बोटीत चढली. मामांना वाटले, आपली वाट मागे राहील. खिंडीतली वाट, किनाऱ्यावर घातलेले आगगाडीचे रूळ, दगड टाकून समुद्रात नेलेला धक्का. हबसाणची माणसे त्यावरून बाजाराला जातील, लग्नाला जातील. पण हुकूम आला की रूळ उपटा आणि बोटीत भरा. ज्या हातांनी खिळे ठोकले त्याच हातांनी ते उपटायचे, कारण दुसऱ्यांच्या हातून ते लवकर निघत नव्हते. उन्हाने माणसे पडली ती ठोकताना पडली होती. आता उपटतानाही पडू लागली. किनाऱ्यालगतच्या गावातली माणसे येऊन उभी राहत आणि काहीएक न बोलता बघत. “ती मान्सं हसली आसती तर बरं झालं आसतं,” असे मामा आत्याला म्हणाले होते. मला त्यांनी ही गोष्ट स्वतः होऊन कधी सांगितली नाही. आणि मीही, जो सगळ्या जगाला प्रश्न विचारत फिरतो, तो त्यांना विचारायला गेलो नाही.

आता पुलाकडे येतो. कडावच्या ओढ्यावर पूर्वी साकव होता. साकव कसला, माडाचा एक बुंधा पावसाळा संपला की आडवा टाकायचा आणि मृग लागायच्या आत उचलून ठेवायचा. ओढ्यापलीकडे कातकरवाडी. तिथल्या बाया लाकडाच्या मोळ्या घेऊन आमच्या बाजूला येतात. एका वेळी एकच माणूस त्या बुंध्यावरून जाऊ शकत असे, आणि गावातल्या कोणी या टोकाला पाय ठेवला तर समोरून येणाऱ्या मोळीवाल्या बाईने मधूनच मागे फिरायचे, नाहीतर मोळीसकट पाण्यात उतरायचे, ही रीत. ती कोणी घातली हे कोणाला माहीत नव्हते, म्हणून ती सगळ्यांना पवित्र वाटत असे. या रीतीवर मी अशी चोपडी लिहायला घेतली होती की कडावच्या पाटलाने ती वाचली असती तर त्याचा फेटा पेटला असता. पाटलाला वाचता येत नव्हते ही एकच अडचण होती.

माझी चोपडी निम्म्यावर असताना मामांनी पूल बांधायला घेतला. गावाने त्यांना फक्त एक चांगला साकव करायला सांगितले होते. मामांनी दगडाचे खांब उभे केले, घाटातल्या लाइनीवरून काढून टाकलेले सागवानी स्लीपर गाड्यांत घालून कर्जतहून आणले आणि ते खांबांवर अंथरले. गाव जमून बघू लागले. रुंदी वाढतच चालली. कोणी विचारले, मुकादम, हे पुरे झाले की? मामा दोरी लावून बघत आणि म्हणत, अजून दुसरा हत्ती आला नाही. पूल तयार झाला तेव्हा दहिवलीची आणि खालापूरची माणसे तो बघायला यायची, पुलावर उभी राहायची, दोन्हीकडच्या चिंचोळ्या बांधांकडे बघायची आणि पोट धरून हसायची. मीही हसलो.

पण पुलावर मागे कोणाला सरावे लागेना. इकडून गावची माणसे जात, तिकडून मोळ्या येत, आणि मध्ये बैलगाडी जाईल एवढे अंतर राही. हे पाटलाच्या ध्यानात यायला वेळ लागला. आले तेव्हा त्याने ते बरोबर तसे सांगितले नाही. देवळाच्या सभामंडपाला लाकूड हवे आहे, पूल उगाच रुंद आहे, खालच्या अंगाचे, म्हणजे ओढा वाहत जातो त्या बाजूचे, निम्मे स्लीपर उपटून देवाच्या कामी लावू, असे पंचांनी ठरवले. मी आत्याकडेच होतो. बातमी कळताच माझे भाषण तयार झाले, आणि ते तोंडात धरून मी ओढ्याकडे पळत गेलो.

मामा पुलाच्या बरोबर मध्यावर मांडी घालून बसले होते. समोर पाटील, पंच आणि पहारी घेतलेले गडी. पलीकडच्या टोकाला मोळ्या घेऊन बाया थांबलेल्या. एवढे मोठे गाव पुलावर उभे असताना त्यांनी यायचे कसे? मी तोंड उघडले, तर मामा म्हणाले, “तू गप, रं.”

पाटील म्हणाला, “मुकादम, कडावात हत्ती कुठनं येनार?”

“हबसानात तरी कुठं व्हता?” मामा म्हणाले. “आनला म्हनून आला.”

पंच हसले. पाटील हसला नाही. त्याने गड्यांना खूण केली. मामा उठले. त्यांचा आवाज मी तोवर इतका लहान कधी ऐकला नव्हता. ते म्हणाले, “पाटील, येकदा उपटलंय मी. ठोकलेलं समदं या हातांनी उपटलंय, हुकूम व्हता म्हनून. आता उपटनार नाय. माझ्या खिळ्याला दुसऱ्याची पहार लागली, तर आधी ती मला लागंल.”

गड्यांनी पहारी टेकल्या. मग पंचांतले एक म्हातारे देवाचे काम, गावाची रीत वगैरे बोलू लागले, आणि ते बोलणे लांबत चालले. तेवढ्यात मामांना पलीकडच्या मोळ्या दिसल्या आणि ते घाटात ओरडत तसे ओरडले, की चला, लाइन थांबवायची नाही. बाया बिचकल्या, पण ओरडणारा मुकादम होता आणि मोळ्या जड होत्या. त्या खालच्या अंगाने, कड धरून, एकामागून एक येऊ लागल्या. म्हातारे पंच रीत सांगत होते आणि त्यांच्या पाठीमागून ती रीत मोडून रांग चालली होती. रांगेत शेवटी एक वयस्क बाई होती. तिची मोळी आडवी, लांबच लांब. पाटील तावातावाने हात हलवत नेमका तिच्या वाटेत आला होता. ती थांबली.

ती म्हणाली, “पाटील, सरा थोडं. मोळी लागंल तुमाला.”

आणि पाटील सरला. विचार करून सरला असे नव्हे. डोळ्यासमोर काटक्या आल्या म्हणून माणूस सरतो तसा सरला, अर्धे पाऊल. बाई निघून गेली. आपण काय केले हे पाटलाला कळले, तोवर ते सगळ्यांना कळून चुकले होते.

मामा म्हणाले, “हत्तीपरास पाटील बरा. त्यो सरला.”

आधी गडी हसले, मग पंच. पाटील लाल झाला, मग त्याच्या मिशा हलू लागल्या आणि तोही हसला. हसण्यावाचून त्याला दुसरी वाट नव्हती. स्लीपरांचे शिमग्यानंतर बघू असे ठरून सभा उठली. शिमगा झाल्यावर अक्षय्यतृतीयेनंतर बघू असे ठरले. आमच्या गावांत नाही म्हणायची हीच पद्धत आहे, आणि मी हिच्याविरुद्ध पूर्वी पुष्कळ लिहिले आहे ते सगळे मी परत घेतो. पुढे मी मामांना एकदा सरळच विचारले, की मामा, तुमच्या मनात पहिल्यापासून कातकरवाडीच्या बाया होत्या ना? त्यांनी माझ्याकडे कीव करून पाहिले आणि म्हणाले, “हत्ती व्हते, रं.” ते खरे बोलत होते की काय, ते मला आजही ठरवता येत नाही.

गेल्या वर्षी मामा गेले. स्मशान ओढ्यापलीकडे आहे. आम्ही तिरडी घेऊन पुलावर चढलो तेव्हा समोरून मोळ्या येत होत्या. जायला भरपूर जागा होती, कोणी कोणाला अडवत नव्हते. तरी त्या बाया थांबल्या. मागे सरल्या नाहीत; मोळ्या खाली ठेवून, होत्या तिथेच उभ्या राहिल्या. मी तोवर रडलो नव्हतो.

आता पुलावर ओरडणारा कोणी नाही. हळूहळू बाया पुन्हा पलीकडच्या टोकाला थांबू लागल्या आहेत. त्यांना थांबा असे कोणी सांगत नाही, पण या असेही कोणी म्हणत नाही. खालच्या अंगाने कोणी चालत नाही, त्यामुळे त्या लाकडावर शेवाळ चढले आहे, आणि पंच बोट दाखवून म्हणू लागले आहेत की बघा, निम्मा पूल वापरातच नाही. मी पुन्हा चोपडी लिहीन, पण चोपडीने शेवाळ निघत नाही. म्हणून तुमच्याजवळ एक मागणे आहे. कधी कामाने कडावाकडे आलात तर त्या पुलावरून जा. पलीकडे कोणी मोळी घेऊन थांबलेली दिसली तर तिला हाक मारून या म्हणा, वरची कोरडी बाजू तिला राहू द्या, आणि तुम्ही खालच्या अंगाने चाला. तिथे निसरडे आहे, पाय जपून टाका.